अप्पा, पॉलिसीत तुमचं नाव नव्हतं

अप्पा, परवा तुमच्या नावानं जेवणं झाली. स्वामी आले, पूजा झाली, किल्लारीहून जीप भरभरून माणसं आली. जेवून निघताना जवळजवळ प्रत्येकानं मला एकच वाक्य ऐकवलं, "वय झालं होतं, सुटले बिचारे." मी मान हलवत राहिले. आतून मात्र वाटत होतं, एखाद्याचा हात धरून विचारावं, कशातून सुटले? वय झालं होतं हे तुम्हाला कुणी सांगितलं? गेल्या दिवाळीपर्यंत हा माणूस उकिडवा बसून सायकलचं चाक सरळ करत होता.

तेव्हापासून घरात एका जागी बसवत नाही. क्लासला सुट्टी टाकलीय. स्वयंपाकघरात जाते, काय घ्यायला आले ते विसरते, परत येते. तुमची खाट मी हलवू दिली नाही. महेश म्हणाला, "वैशाली, बस जरा." बसून काय करू? बसलं की आपलं अर्धवट राहिलेलं भांडण आठवतं. सुनेनं सासऱ्याशी भांडावं असं आपल्याकडं कुणी म्हणत नाही. पण आपण भांडायचो, आणि तुम्हाला ते आवडायचं. म्हणून लिहायला घेतलंय. तुमच्याशी बोलायचं तर आता एवढंच उरलं.

आपली पहिली भेट झाली तेव्हा मी तुमची सून नव्हते. नांदेडहून लातुरात जीवशास्त्र शिकवायला आले होते आणि क्लासच्या गल्लीत तुमचं दुकान होतं. भाड्यानं सायकली, पंक्चर, हवा. बीड, हिंगोली, परभणीकडची पोरं पेट्या घेऊन उतरायची आणि खोली मिळाली की तुमच्याकडं सायकलीला यायची. मीही आले. तुम्ही सीट खाली करून दिलंत आणि विचारलंत, "म्याडम, माणसाचं पोट उघडल्याबिगर आत काय झालंय ते कळतंय का?" मला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. मी सोनोग्राफी, स्कॅन असं काहीबाही सांगितलं. तुम्ही हातातला पाना खाली ठेवून नीट ऐकलंत. एवढं मन लावून वर्गात कुणी ऐकत नव्हतं. तुम्ही ते का विचारलंत, हे कळायला मला पुढं बरीच वर्षं लागली.

मग महेशचं आणि माझं जुळलं. माझे बाबा सायकलवाल्याच्या घरात मुलगी द्यायला तयार नव्हते. तुम्ही एसटीनं नांदेडला आलात, आमच्या बैठकीत ताठ बसलात आणि म्हणालात, "आमच्या घरात बाई मानूस न्हाई. तुमची लेक आली तर तिचंच राज." बाबांना हसू आलं आणि लग्न ठरलं. पहिल्या दिवसापासून तुम्ही मला यव्वा म्हणत आलात. किल्लारीकडं लेकीला म्हणतात तसं.

मुलगी झाली त्या वर्षी विम्याच्या बाई घरी आल्या. महेश दालमिलमध्ये हिशेब बघायचा, माझा क्लास खासगी. दोघांच्याही नोकरीत दवाखान्याची सोय नव्हती. तरी महेश म्हणाला, "या वयात कसला विमा? पैसे पाण्यात." तुम्ही दाराशी बसला होतात. एरवी अशा बोलण्यात पडत नव्हतात. त्या दिवशी उठून आत आलात.

"काढायचा. तिघांचा बी काढायचा."

"अप्पा, आपण काय आजारी आहोत का?"

"आजारी पडल्यावर कोण देतंय तुला?"

विम्याच्या बाईंनी तुमच्याकडं बघितलं आणि अवघडून सांगितलं, की या पॉलिसीत तुमचं वय बसत नाही. दुसरी एक आहे, पण तिला आधी तपासण्या कराव्या लागतील, तुम्हाला शुगर आहे म्हणून हप्ता जास्त पडेल आणि जुन्या आजारांसाठी काही वर्षं थांबावं लागेल. मी म्हणाले, "तीही बघू या ना." तुम्ही हात झटकलात. "मला सोडा. मी किल्लारीतला उरलेला मानूस हाय. वरचे दिवस खाऊन राहिलोय." सगळे हसले. मीही हसले. तुम्ही ते हसण्यावारी बोलला नव्हतात, हे त्या खोलीत कुणालाच कळलं नाही.

पॉलिसी कपाटात पडून राहिली. हप्त्याची वेळ आली की तुम्ही आठवण करायचात, महेश कुरकुरायचा आणि भरायचा. मग माझा उजवा हात.

सुरुवातीला बोटांना मुंग्या यायच्या. नंतर बोर्डावर आकृती काढताना खडू हातातून निसटायला लागला. मुलं पुढं होऊन उचलून द्यायची. मी म्हणायचे, दिवसभर हात वर करून लिहिते, मान अवघडली असेल. हाडांच्या डॉक्टरांनी पट्टा दिला आणि सांगितलं, "फरक पडला नाही तर मानेचा एमआरआय करून घ्या." फरक पडला नाही. पण मुलांच्या परीक्षा तोंडावर होत्या. महेश म्हणाला, परीक्षा झाल्या की करू. मला ते बरं वाटलं. खरं सांगायचं तर परीक्षा हे निमित्त होतं. शरीर कसं चालतं ते मी रोज शिकवत होते, आणि माझ्या शरीरात काय चाललंय ते मला कळून घ्यायचं नव्हतं.

तुम्ही एकदा मला कणीक मळताना बघितलंत. डाव्या हातानं.

"हात का बदललास?"

"सहज, अप्पा."

"सहज कुनी हात बदलत न्हाई. तपासनी कवा हाय?"

"परीक्षा झाल्यावर."

"उद्या जायचं."

मी पण मग चिडले. म्हणाले, "आणि काही निघालं तर?"

"निगालं तर निगू दे! म्हून तर ती पॉलिसी काढली. काय निगंल म्हून भ्यायचं काम न्हाई आता तुला."

तुम्ही दुकान बंद ठेवून माझ्यासोबत आलात. महेश सुट्टी मिळवून मागून येणार होता. तपासणीच्या खोलीबाहेर बाकावर बसलो होतो तेव्हा तुम्ही पहिल्यांदा आईंबद्दल बोललात. माझ्या सासूबाई, ज्यांना मी फक्त भिंतीवरच्या फोटोत बघितलं. तोवर मला एवढंच माहीत होतं की त्या भूकंपात गेल्या. मला वाटायचं, घराखाली.

"घराखाली न्हाई गेली ती," तुम्ही म्हणालात. "जित्ती काढली तिला. मी आन् माज्या भावानं. सकाळचं ऊन पडलं हुतं. अंगावर खरचटल्यालं बी न्हाई. बोलली माज्यासंगं. म्हणली, महेश कुठंय, त्याला पानी द्या. ट्रक आले तवा रगात सांडत हुतं त्यांना आदी घातलं. बरोबरच हाय. ही तर बसली हुती. दवाखान्यात आलो तर पाय ठेवायला जागा न्हाई. एक्स-रेचा फोटो काढायची रांग. हिला म्हणले, बसा मावशी, नंबर आला की बोलावतो. दुपारच्याला म्हणली, जरा पडते. तेवढंच."

 तुम्ही समोरच्या दाराकडं बघत होतात.

"कुठं लागलं हुतं ते कुनालाच कळलं न्हाई, यव्वा. डाक्टरचा दोष न्हाई. किती मान्सं हुती. पर मला अजून कळलं न्हाई. तीस वर्सं हुत आली, तिला आत कुठं लागलं हुतं?"

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. मी आत गेले आणि त्या अरुंद नळीत पडून आवाज ऐकत राहिले. मला माझ्या मानेची भीती वाटत नव्हती. मी त्या बाईचा विचार करत होते, जिनं नवऱ्याला सांगितलं, जरा पडते.

मणक्याच्या नळीत गाठ निघाली. साधी, कॅन्सरची नसलेली, पण अशा जागी वाढणारी की मज्जारज्जू दाबला जात होता. पुढचं सगळं इतकं भराभर झालं की माझा विश्वास बसेना. हैदराबादच्या दवाखान्यात खिडकीवरच्या मुलीनं विचारलं, "पॉलिसी आहे का?" महेशनं कार्ड पुढं केलं आणि दारं उघडत गेली. त्याच दिवशी भरती, राहिलेल्या तपासण्या, मोठ्या डॉक्टरांची भेट, विमा कंपनीची मंजुरी, ऑपरेशन. डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं, "वेळेवर आलात. पाय कडक व्हायला लागले होते. आणखी थांबला असता तर गेलेली ताकद परत येईल असं मी म्हणू शकलो नसतो." मी पुन्हा बोर्डासमोर उभी राहिले. हे सगळं उजव्या हातानं लिहितेय, अप्पा. तुम्हाला माहीत आहे, तरी सांगतेय. हे तुम्हाला कधी नीट म्हटलं नाही. घरी आले तेव्हा तुम्ही दारात उभे होतात. मी पाया पडायला वाकले, तर तुम्ही म्हणालात, "मान वाकवू नकु." आणि आभार तिथंच राहिले.

आता तुमच्याबद्दल.

आधी तुम्ही भाकरीचा पापुद्रा ताटात ठेवायला लागलात. मग भाकरी आमटीत कुस्करून भिजवायला लागलात, मग आमटी पातळ मागायला लागलात. मी विचारलं की म्हणायचात, "दात हालतेत." मी दाताच्या डॉक्टरांकडं चला म्हणाले तर कवळीच करून आणलीत आणि कवळी लावूनही ताक पिऊनच उठायला लागलात. सदरा अंगावर लोंबायला लागला. जेवताना मध्येच थांबून छातीवर हात ठेवायचात, घोट अडकल्यासारखं करायचात, आणि मी बघतेय म्हटल्यावर पाण्याचा तांब्या उचलायचात.

तुम्ही आम्हाला न सांगता एकटेच सरकारी दवाखान्यात जाऊन नंबर लावून आला होतात, हे मला गल्लीतल्या रिक्षावाल्याकडून कळलं. घशातून दुर्बीण घालून बघायचं होतं. पहिल्या तारखेला गेलात तर मशीन दुरुस्तीला गेलेलं. पुढची तारीख मिळाली. तेव्हा एवढी गर्दी, की तुमचा नंबर यायच्या आत वेळ संपली. पुन्हा तारीख. तुम्ही दर वेळी निमूट परत येऊन दुकान उघडत होतात.

त्या संध्याकाळी दारापुढच्या ओट्यावर मी तुम्हाला गाठलं. भांडण तिथंच सुरू झालं आणि तिथंच तुटलं.

"अप्पा, मी उद्याच तुम्हाला खासगीत नेते. दुपारपर्यंत मोकळे होऊ."

"नंबर लागलाय. मधीच सोडला तर जाईल."

"जाऊ दे नंबर! माझ्या हाताला मुंग्या आल्या तर तुम्ही दुसऱ्या दिवशी नेलंत. आईंचं सांगितलंत मला. लवकर कळलं पाहिजे, हे कुणी शिकवलं?"

"ते तुज्यासाठी हुतं."

"म्हणजे काय?"

 तुम्ही हळू बोललात. "तपासनी तू करशील गं. ती काय मोठी गोष्ट न्हाई. पर काय निगालं तर? तुज्यामागं पॉलिसी हुती. माज्यामागं तुमी दोगं. मला कळलं की तुमाला बी कळंल. मग तुमी थांबणार न्हाईत. घर इकाल, पोरीचं शिक्षान इकाल. न्हाई कळलं तर कुनाला काय करायची पाळी येत न्हाई."

मी तोंड उघडलं तोच शिकवणीची मुलं फाटकातून आत आली. "मॅडम, आज श्वसनसंस्था ना?" मी आत गेले. तुम्ही ओट्यावर बसून राहिलात.

मला काय म्हणायचं होतं ते आता सांगते. पॉलिसीनं माझी गाठ शोधली नाही, अप्पा. तपासणी त्या दिवशी आपण खिशातूनच केली होती, पैसे नंतर परत मिळाले. पॉलिसीनं फक्त एवढं केलं, की निघेल त्याला सामोरं जायची भीती काढून घेतली. म्हणून मी वेळेवर त्या नळीत जाऊन पडले. लोक तपासायला उशीर करतात तो आजाराच्या भीतीनं नव्हे, आजारानंतर घराचं काय होईल या भीतीनं. हे माझ्या आधी तुम्हाला कळलं होतं. म्हणूनच तुम्ही हट्टानं आम्हा तिघांची नावं घातलीत. मग इतकं कळणाऱ्या माणसानं स्वतःचं नाव का सोडलं? थांबावं लागेल म्हणून? ती काही वर्षं तर अशीही गेलीच. तुम्ही ती आमच्यासोबत हसतखेळत काढलीत. आईंना आधी ट्रकमध्ये घातलं नाही म्हणून आयुष्यभर जळलात आणि स्वतः होऊन रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिलात. हे मला पटत नाही. आजही पटत नाही.

महेशनं शेवटी तुम्हाला जवळजवळ उचलूनच नेलं. दुर्बीण आत गेली आणि पुढं जाईना. अन्ननलिका बंद होत आली होती. सोलापूरच्या दवाखान्यात खिडकीवर तोच प्रश्न आला, "पॉलिसी आहे का?" मी "नाही" म्हणाले. समोरची मुलगी वाईट नव्हती, तिचं कामच ते होतं. पण माझ्या वेळी जे भराभर झालं ते आता कागदाकागदावर थांबायला लागलं. हे स्कॅन बाहेरून करून आणा, तो रिपोर्ट घेऊन परवा या. बाकड्यावर तुम्ही मान खाली घालून बसला होतात, आणि मला सारखं वाटत होतं, की तुम्ही आत्ता म्हणाल, जरा पडतो.

आणि ऐका, हे मला सगळ्यांत जास्त लागलंय. आजाराचं नाव ठरल्यावर उपचाराला सरकारी योजना लागू झाली. आपल्या रेशनकार्डावर. घर विकावं लागलं नाही. मुलीच्या शिक्षणाला हात लागला नाही. तुम्ही ज्याला भ्यालात ते झालंच नाही, अप्पा. पण योजना उपचारासाठी होती. तिच्यापर्यंत पोचायला आधी कळावं लागतं, आणि कळेपर्यंत आजार लिव्हरपर्यंत गेला होता. डॉक्टर म्हणाले, आधी आले असते तर ऑपरेशनचा विचार करता आला असता. तुम्ही हे ऐकलंत. मी तुमच्याकडं बघितलं तर तुमचा चेहरा शांत.

परतीच्या गाडीत तुम्ही म्हणालात, "कळलं एकदाचं."

मला वाटलं, टोमणा मारताय. पण तुम्ही खरंच हलके झाला होतात. नळीतून पातळ अन्न द्यायला लागल्यावर अंगात थोडा जीव आला, तसं तुम्ही एकेक काम काढलंत. दुकानातल्या उरलेल्या सायकली गल्लीतल्या कामवाल्या बायकांच्या मुलींना दिल्यात. किल्लारीला जाऊन पुनर्वसनातलं घर महेशच्या नावावर करून आलात. नातीला बोलावून तिच्या आजीबद्दल सांगितलंत; तिला गाणी यायची, भांडणात ती कुणाला ऐकायची नाही, मिरची खाताना तिचे कान लाल व्हायचे. इतक्या वर्षांत हे घरात कुणी ऐकलं नव्हतं. महेश दाराआड उभा राहून रडत होता. एकदा तुम्ही मला म्हणालात, "बघ यव्वा, कळलं म्हून एवढं तर करता आलं. तिला येवढं बी मिळालं न्हाई." मी तुमचे पाय चेपत होते. तेव्हा भांडायला हवं होतं, की अप्पा, आणखी आधी कळलं असतं तर आणखी करता आलं असतं. पण तुम्ही इतके समाधानात होतात, की मी गप्प राहिले. आपलं भांडण तुम्ही असं जिंकलंत. मला ते मान्य नाही.

दुपारच्या वेळी, सगळे घरात असताना गेलात. आपल्या रीतीप्रमाणं तुम्हाला बसवून नेलं, कपाळभर भस्म लावून. ताठ बसला होतात. मला बाबांच्या बैठकीतले तुम्ही आठवलात, आणि मग मात्र मला आवरलं नाही.

आता आज काय झालं ते सांगते आणि थांबते.

परवा जेवणं झाल्यावर महेश छाती चोळत बसला होता. मी विचारलं तर म्हणाला, "जळजळ आहे. दीड-दोन महिने झाले. धावपळीत खाणं वेळेवर नाही, म्हणून असेल. बघू अप्पांचा महिना झाल्यावर." त्यानं पोळीचा तुकडा पाण्यासोबत गिळला होता, ते मी बघितलं होतं. मी वाद घातला नाही. आज सकाळी रिक्षा दारात आणून उभी केली. तो म्हणाला, "अगं, लोक काय म्हणतील, बापाला जाऊन चार दिवस झाले नाहीत." मी म्हणाले, "बस आत." वाटेत तो घाबरून माझा हात धरून बसला. खाली बघत म्हणाला, "काही निघालं तर?" तेव्हा तुम्ही मला दिलेलं उत्तर मी त्याला दिलं, तुमच्याच भाषेत. नांदेडच्या तोंडातून किल्लारीची भाषा निघाली म्हणून तो त्याही अवस्थेत हसला.

काही निघालं नाही, अप्पा. दुर्बिणीतून बघितलं, साधी सूज आहे, व्रणही नाही. गोळ्या दिल्यात, तिखट कमी करायला सांगितलंय. तो आत झोपलाय आणि मी तुमच्या खाटेवर बसून हे लिहितेय. तुम्ही असता तर आधी एकच विचारलं असतं, कळायला किती वेळ लागला म्हणून.

दुपारपर्यंत कळलं, अप्पा. दुपारपर्यंत सगळं कळलं.